पंक्तिप्रपंच

काटेमावशी हे काही तिचं आडनाव नव्हे. बालगृहाच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी एक तराजू टांगलेला होता आणि त्याच्या काट्याला विचारल्याशिवाय ती मीठसुद्धा पातेल्यात टाकत नसे, म्हणून पोरांनी ते नाव पाडलं. पोरांचं बघून बालगृहाच्या साहेबांनी उचललं, आणि शेवटी तिचा नवराही विचारायला लागला, "काय काटेमावशी, आज चहा मिळणार का आम्हाला, की तोही तोलून?" नवरा बेकरीत भट्टीवर होता. पहाटे जायचा, दुपारी पिठानं पांढरा होऊन यायचा आणि दिवसाला चार वाक्यं बोलायचा. त्यातली तीन बायकोला चिडवण्यात जायची.

मूलबाळ नव्हतं. होती म्हणायची तर चोवीस होती, चार ते आठ वर्षांची, कुणाची आई गेलेली, कुणाची असून नसल्यासारखी. सकाळी पाव आणि दूध, दुपारी पाव आणि भाज्यांचं सूप, रात्री पुन्हा पाव आणि उरलेलं सूप, आठवड्यातून एकदा वाटाणा. एवढ्यात ती सव्वीस वर्षं चोवीस तोंडं भरत आली होती. स्वयंपाकघराला लागून जेवणाची लांब खोली, तिच्या पलीकडे सहा खाटांची आजारी खोली, आणि आजारी खोलीच्या भिंतीला पाठ लावून नवराबायकोच्या दोन खोल्या. तिचं सगळं जग एवढंच. मोजून दीडशे पावलं.

त्या जगात कायदा एकच. एका बाकावर बसलेल्या पोरांच्या ताटात तिळाइतकाही फरक पडायचा नाही. एकाच पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं, ह्याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि मावशीच्या लेखी त्याहून मोठं पाप नव्हतं. खून करणाऱ्याला निदान पश्चात्ताप तरी होतो, म्हणायची.

हे कुठून आलं ते सांगायला हवं. आई गेल्यावर ती मामाकडे वाढली. मामीची तीन पोरं आणि ही, चौघं एका ओळीत बसायची. तिघांना पेलाभर दूध. हिला दुधाचं भांडं विसळलेलं पाणी, तेसुद्धा साखर घालून, म्हणजे कुणी नाव ठेवायला नको. मामी दुष्ट असती तर पोरगी विसरली असती. पण मामी केसांना तेल लावायची, तापात उशाशी बसायची आणि तसल्याच मायेनं ते पांढुरकं पाणी पुढ्यात ठेवायची. पन्नाशी उलटली तरी त्या पाण्याची चव मावशीच्या जिभेवरून गेली नव्हती. बोलायला लागली की म्हणायची, "मारलं असतं ना, तर बरं झालं असतं."

तर अशा बाईच्या स्वयंपाकघरात एक दिवस डॉक्टरीणबाई आल्या.

तरुण होत्या, तिशीच्या आत. औषधं देणाऱ्या नव्हेत, माणसानं काय खावं ह्याच्यावर संशोधन करणाऱ्या. वागायला साध्या. पहिल्याच दिवशी स्टूल ओढून चुलीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, सहा महिने मी तुमच्या जिवावर आहे." मावशीला अशी माणसं आवडत.

काम असं होतं. सूर्यफुलाच्या बियांचं तेल काढलं की मागे पेंड उरते. ती नीट साफ करून, दळून तिचं पीठ केलं होतं. त्यात प्रथिनं भरपूर. पोरांना दुधाऐवजी हे पीठ दिलं तर ती तशीच वाढतात का, एवढं बघायचं होतं.

"पेंड?" मावशी म्हणाली. "गुरांची?"

"गुरांना घालतात तीच, पण स्वच्छ केलेली."

"म्हणजे आजवर पेंड गाय खायची आणि दूध पोरं प्यायची. तुम्ही मधली गायच काढून टाकताय."

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी बरोबर. हेच वाक्य मी माझ्या वरिष्ठांना सांगणार."

बारा पोरांना लाल काठाचे मग, बारांना निळ्या काठाचे. लाल मगात दूध, निळ्या मगात पीठ कालवून उकळलेलं पाणी. पोरांना फरक कळू नये म्हणून दोन्हींत कोको आणि साखर, रंग एकच. दर शनिवारी वजन आणि उंची. आणि एक वही. रोज कुठल्या मगात काय घातलं, किती घातलं, ते मावशीनं लिहायचं आणि खाली सही करायची. डॉक्टरीणबाईंनी वही तिच्या हातात देताना म्हटलं, "काट्याच्या बाबतीत तुमच्यावर डोळे मिटून विश्वास." मावशीनं वही छातीशी धरली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी शिकलेल्या माणसानं तिच्या मोजण्याला किंमत दिली होती.

एवढं खरं, तरी तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बाई, सगळ्यांना सारखंच द्या की."

"सारखं दिलं तर कळणार कसं?"

"काय कळायचंय?"

"कुणामुळे काय झालं ते."

मावशीनं मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नव्हतं, पण शिकलेल्या माणसाशी किती वाद घालायचा?

आठ दिवस तिनं सगळं नियमानं केलं. दोन पातेली, दोन डाव, दोन रंगांचे मग. आठ दिवस तिच्या घशाखाली घास नीट उतरला नाही. नवऱ्यानं विचारलं, "दात दुखतोय का?" तिनं नुसतं ताट उचललं.

नवव्या दिवशी चिमणीनं विचारलं. चिमणी पाच वर्षांची, निळ्या मगाची, सगळ्यांत किरकोळ. बोलताना मान तिरकी करायची म्हणून ते नाव. शेजारचा पोरगा मगावरची साय बोटानं उचलून चाटत होता. चिमणीनं आपल्या मगात वाकून पाहिलं, मग त्याच्या मगात पाहिलं, आणि अगदी शांतपणे विचारलं, "मावशी, माझ्यात साय का नाही?"

रडली असती, हट्ट केला असता, तर मावशीनं दटावलं असतं. पोरगी नुसती माहिती विचारत होती.

दहाव्या दिवशी सकाळी मावशीनं दोन्ही पातेली उतरवली, मोठं पातेलं खाली ठेवलं आणि दोन्ही त्यात ओतली. डावानं चांगलं ढवळलं. रंग तोच होता, वासही तोच. चोवीस मग भरले, बारा लाल, बारा निळे. सगळ्यांत अर्धं दूध, अर्धं पीठ. मग वही उघडून तिनं लिहिलं, लाल: दूध. निळा: पीठ. सही केली. त्या दिवशी लिहिलेलं दोनदा वाचून पाहिलं. पंधरा दिवसांनी न वाचताच वही मिटायला लागली.

आता कुणी म्हणेल, बाई अडाणी, तिला काय कळतंय. अडाणी नव्हती ती. तिनं आपल्या परीनं सरळ विचार केला होता. डॉक्टरीणबाईंना पोरं वाढलेली हवीत. पोरं वाढली म्हणजे बाईंचं नाव होईल. पोरांना पोटभर मिळेल. पंगतही एकसारखी. कुणाचं काय गेलं? परीक्षा पोरांची आहे असं ती समजली, आणि पोरं पास व्हावीत म्हणून तिनं गुपचूप मदत केली. परीक्षा पिठाची होती, हे तिला कळलंच नाही. आणि कळावं असं तिला कुणी सांगितलंही नाही. चुलीपाशी बसून हसणं वेगळं आणि आपण काय करतोय ते स्वयंपाकिणीला बसवून समजावणं वेगळं. त्यासाठी अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास सहा महिन्यांत कुणाला सापडला नाही.

आणि पोरं वाढली! नुसती वाढली नाहीत, अंगानं भरली. चिमणीचे गाल वर आले, केसांना चमक आली, ती बाकांवरून उड्या मारायला लागली. दर शनिवारी डॉक्टरीणबाई आकडे लिहायच्या आणि पुन्हा पुन्हा बघायच्या. लाल आणि निळे बरोबरीनं चालले होते. बरोबरीनं चालणारच, दोघांना एकाच पातेल्यातून वाढलं जात होतं. बाई दर महिन्याला पोत्यातल्या पिठाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायच्या, पिठात प्रथिनं किती ते तपासायला. मगातल्याचा नमुना एकदाही गेला नाही. वही होती ना. वहीवर काटेमावशीची सही होती.

सहा महिने संपले. मोठा समारंभ झाला, जेवणाच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, बाहेरून माणसं आली. बियांतलं प्रथिन वाढत्या मुलांना दुधाइतकंच पुरतं असं सिद्ध झालं, असं साहेबांनी जाहीर केलं. डॉक्टरीणबाईंनी बोलताना मावशीला उभं केलं. टाळ्या पडल्या. तिला प्रशस्तिपत्र मिळालं, त्यावर 'अचूक नोंदींबद्दल' असं छापलेलं. नवऱ्यानं ते वाचलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "फ्रेम करायला हवी." हे चिडवणं नव्हतं. त्याला खरोखर अभिमान वाटला होता. मावशी त्याच्याकडे बघूसुद्धा शकली नाही.

तरी तिच्या मनात होतं, चला, संपलं. उद्यापासून चोवीस मगांत दूध.

दोन महिन्यांनी एका सकाळी दूधवाला आला नाही. ती पातेली घासून वाट बघत बसली. साडेसात झाले, आठ झाले. मग साहेबांकडे गेली.

साहेब वाईट माणूस नव्हता. नाकासमोर चालणारा, वरून आलेला कागद खाली पोचवणारा. त्यांनी कागद दाखवला. जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या बालगृहांतून दूध बंद. त्याऐवजी पीठ.

"दूध नासायचं, दूधवाले संपावर जायचे, पाणी घातलेलं निघायचं," साहेब म्हणाले. "सुंठीवाचून खोकला गेला, मावशी."

"साहेब, पोरांना दूध लागतं."

"कोण म्हणतं? तुमच्याच हातानं सिद्ध झालंय की!"

करायला गेलं काय आणि वर झाले पाय, ते असं. मावशी परत आली, मोठ्या पातेल्यात पीठ कालवलं, चोवीस मग भरले. साय कुणाच्याच मगावर नव्हती.

तिला वाटलं होतं, महिनाभरात काही ना काही दिसेल. दिसायला तीन महिने लागले. पोटात आग पडल्यासारखी भूक नव्हती पोरांना, पीठ पोट भरत होतं. पण शनिवारी ती स्वतःच गोदामाच्या मोठ्या काट्यावर पोरांना उभं करायची, आणि काटा जिथे होता तिथेच. पहिल्या महिन्यात जिथे होता तिथेच तिसऱ्या महिन्यात. मग दोघातिघांचा मागे सरकायला लागला. केस कोरडे झाले. एकाला खोकला झाला की बाराजणांना व्हायचा आणि जाता जायचा नाही. खेळायच्या वेळेला पोरं भिंतीला टेकून बसायला लागली. साहेब म्हणाले, हवा बदलतेय.

त्या रात्री जेवताना तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. पातेली, मग, वही. तो भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिला.

"म्हणजे प्रशस्तिपत्र खोटं," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"सांगून टाक."

"नोकरी जाईल. ह्या खोल्या जातील."

"मग जाऊ देत." तो उठला, हात धुतले, आणि भिंतीवरची फ्रेम काढून कपाटामागे ठेवली. त्याचं त्या दिवसापुरतं बोलणं संपलं होतं.

डॉक्टरीणबाईंना आता शहरातल्या मोठ्या संस्थेत खोली मिळाली होती, दारावर पाटी होती. मावशी बस बदलत तिथे पोचली. बाईंनी आनंदानं खुर्ची दिली, चहा मागवला. चहा येईपर्यंत मावशीनं सांगून टाकलं. चहा आला तो तसाच राहिला.

बाई उठल्या. त्यांनी कपाटातून कागदपत्रांचा जाड गठ्ठा काढला आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. "मला कोडंच पडलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "निळ्या मगाची पोरं इतकी कशी वाढली. मला वाटायचं, माझं नशीब."

"बाई, पीठ वाईट आहे का?"

"नाही हो. पीठ चांगलंय. एकटं पुरत नाही." त्यांनी कागद घेतला, पण रेघ न ओढता तोंडानंच सांगितलं. "प्रथिन म्हणजे एकच वस्तू नसते, मावशी. वीसेक तुकड्यांची मिळून ती बनते. त्यातले नऊ आपलं शरीर बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच यायला लागतात. सूर्यफुलाच्या बीमध्ये बाकीचे भरपूर असतात, पण लायसीन नावाचा एक तुकडा कमी. आणि तुमच्या पोरांचा दुसरा आधार पाव. गव्हातही नेमकं तेच कमी."

मावशीनं क्षणभर विचार केला. "म्हणजे चोवीस जणांचा स्वयंपाक मांडला, सगळं सामान आणलं आणि मीठ दहा जणांपुरतंच."

"हो. मग कितीही सामान असलं तरी जेवण दहाच जणांचं."

"आणि दुधात ते असतं?"

"दुधात असतं. घेवड्यात, मसुरात, वाटाण्यातही असतं. पिठाबरोबर रोज प्रत्येकी मूठभर घेवड्याचे दाणे शिजवले असते तरी भागलं असतं. तुम्ही जे एकत्र केलंत ना, अर्धं दूध आणि अर्धं पीठ, ते फार चांगलं होतं. एकाचं कमी दुसऱ्यानं भरून निघालं. निम्म्या दुधात सगळी पोरं वाढली." बाईंनी कागद बाजूला सारला. "मी हाच प्रयोग करायला हवा होता."

"मग आता लिहा तसं."

"लिहिते," बाई म्हणाल्या. "उद्याच लिहिते." त्यांनी मावशीचे दोन्ही हात धरले होते, डोळे भरले होते, आणि त्या घटकेला त्या अगदी खरं बोलत होत्या. ह्यात शंका नाही.

उद्या गेला, महिना गेला. मग मावशीनंच साहेबांना सगळं लिहून दिलं, आणि चौकशीचं पत्र आलं.

टेबलाच्या पलीकडे तिघं बसले होते. मधे डॉक्टरीणबाईंचे वरिष्ठ, एका बाजूला आहारखात्याचा माणूस, दुसऱ्या बाजूला बालगृहाचे साहेब. डॉक्टरीणबाई जरा मागे, खिडकीपाशी. वही टेबलावर होती. वरिष्ठांनी ती उघडून मावशीपुढे सरकवली.

"ही सही तुमची?"

"माझी."

"ही? ही? ही सगळी पानं?"

"सगळी माझीच."

"इथे लिहिलंय, लाल दूध, निळा पीठ. एकशेत्र्याहत्तर दिवस. आणि आज तुम्ही म्हणता, तसं नव्हतंच."

"हो साहेब. मी खोटं लिहिलं."

वरिष्ठ सौम्यपणे हसले. "बाई, रोज खोटं लिहिणाऱ्या माणसाचं आज खरं कशावरून धरायचं? दूध बंद झाल्यामुळे तुम्हाला वाईट वाटतंय, ते समजू शकतो आम्ही."

"पोरांची वजनं बघा. मी आणली आहेत लिहून."

"कुठल्या काट्यावर केलीत?"

"गोदामातल्या."

"गोदामातला काटा बटाट्याचा," आहारखात्याचा माणूस म्हणाला, आणि तिघंही थोडेसे हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जिच्या मोजण्याला प्रशस्तिपत्र दिलं, तिचा काटा आज बटाट्याचा झाला होता.

"अहो, पण मी दोन्ही पातेली एकत्र ओतली! माझ्या हातानं!" तिचा आवाज चढला. "मला विचारा ना, मी होते तिथे! तुमच्यापैकी कोण होतं?"

वरिष्ठांनी मागे वळून विचारलं, "तुम्ही दर शनिवारी जात होता. तुम्हाला कधी असं काही दिसलं?"

डॉक्टरीणबाईंनी मावशीकडे बघितलं नाही. टेबलावरच्या वहीकडे बघितलं. "नोंदी व्यवस्थित ठेवलेल्या आहेत," त्या म्हणाल्या.

झालं. एवढंच वाक्य. त्यात खोटा शब्द एकही नव्हता.

दाराबाहेर जिन्यापाशी बाईंनी तिला गाठलं. "मावशी, ऐका माझं. माझं सगळं आयुष्य त्या कागदावर उभंय. मी पुन्हा प्रयोग करीन, नीट करीन, मोठा करीन, दोनतीन वर्षांत..."

"दोनतीन वर्षं," मावशी म्हणाली. "चिमणी तोवर आठ वर्षांची होईल, बाई. ज्या वयात वाढायचं ते वय थांबतं होय कुणासाठी?" तिला मारावंसं वाटत होतं. मारलं नाही. जिना उतरून ती बसथांब्यावर गेली.

नोकरी गेली नाही. वयाचा आणि पूर्वीच्या कामाचा विचार करून ताकीद मिळाली. मावशीनं घेवड्यासाठी अर्ज केला, त्यावर शेरा आला, 'सध्याच्या आहारात प्रथिनांचं प्रमाण पुरेसं आहे.' आणि साहेबांनी बजावलं, यादीबाहेरचा एक दाणाही मोठ्या पातेल्यात पडता कामा नये. दर आठवड्याला तपासायला माणूस यायचा, झाकणं उघडून बघायचा. आता मात्र मगातलंसुद्धा तपासलं जात होतं.

मोठ्या पातेल्यात नाही, पण आजारी खोलीत कुणी डोकावत नसे. खोकल्याची, तापाची पोरं दुपारी तिथे झोपवायची, ती कोण हे ठरवायचं काम पूर्वीपासून मावशीचं. भिंतीपलीकडे तिची स्वतःची चूल. तिथे तिनं काय शिजवावं ह्यावर कुणाची यादी नव्हती. नवरा बेकरीतून येताना स्वतःच्या पैशानं दूध आणि घेवडा आणायला लागला. "किती जणांचं?" त्यानं पहिल्या दिवशी विचारलं.

"खाटा सहा आहेत," मावशी म्हणाली.

चोवीस वाटे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार दाणे आणि घोटभर दूध, त्यानं काही व्हायचं नाही. पाळी लावली तर चौथ्या दिवशी एकदा; रोज लागतं असं बाईंनी सांगितलं होतं. तिनं सगळं डोक्यात फिरवून पाहिलं, दोन दिवस जेवली नाही. मग शनिवारी चोवीस पोरांना बटाट्याच्या काट्यावर उभं केलं, वजन आणि वय ताडून पाहिलं आणि सर्वांत खालची सहा वेगळी काढली. चिमणी खालून सातवी आली. तिला काट्यावर दोनदा चढवलं. तरी सातवीच.

मग रोज दुपारी दार लावून सहा पोरांना मऊ शिजलेला घेवडा आणि दूध मिळायला लागलं. "बोलायचं नाही हं कुणाला," मावशी दटावायची, आणि पोरं माना हलवून खायची. तीन आठवड्यांत सहापैकी चौघांचा काटा हलला. चांगलंच झालं म्हणायचं. मावशी मात्र दुपार झाली की दाराची कडी दोनदा तपासायची.

पोरांना काय लपतंय? एका दुपारी ती दुधाचं भांडं घेऊन आजारी खोलीच्या दारात आली तर चिमणी उभी. मान तिरकी करून. दाराच्या फटीतून आत बघत असावी, कारण मावशीला बघून दचकली नाही.

"तू इथे काय करतेस? खेळायला जा."

"मावशी, ती आजारी आहेत म्हणून त्यांना दूध?"

"हो."

चिमणीनं भांड्याकडे बघितलं. "मी आजारी पडले तर मला पण?"

एक घोट द्यावा तर उद्या उरलेली सतरा दारात उभी, परवा साहेब, मग सहाजणांचंही बंद. तिनं भांडं पदराआड धरलं. "असं बोलू नये," ती म्हणाली. "तू धडधाकट आहेस. तुला नाही. जा."

पोरगी गुणी, एका शब्दात ऐकणारी. गेली. मावशीनं आत जाऊन दाराला पाठ लावली आणि सहा वाट्या भरल्या.

त्या संध्याकाळी चिमणीनं पाव तसाच ठेवला. शेजारच्या पोरानं विचारलं तर भूक नाही म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली.